गल्ल्यावर बसलेलं मांजर



आज सुरुवातीलाच एक प्रश्न. उत्तर मला देऊ नका, स्वतःला द्या. तुम्ही दुकानात शिरता तेव्हा दुकानातला आवाज वाढतो की कमी होतो?

म्हणजे बघा, पोरं माल लावत असतात. लावता लावता काहीतरी बडबड चाललेली असते, कोणीतरी खिदळत असतं. तेवढ्यात तुमची गाडी बाहेर स्टँडला लागते. कोणीतरी हळूच म्हणतं, "शेठ आले!" आणि क्षणात सगळं चिडीचूप. प्रत्येकाच्या हातात फडकं. बऱ्याच मालकांना हे बघून बरं वाटतं. "काय शिस्त आहे बघा माझ्या दुकानात!"

बीबीएला आम्हाला 'ऑर्गनायझेशनल बिहेव्हियर' नावाचा अख्खा विषय होता. मोटिव्हेशनच्या थिअऱ्या पाठ केल्या, मार्कही पडले. पण ही शांतता नेमकी कसली असते, हे मला सगळ्यात स्पष्ट कळलं ते उंदरांवरच्या प्रयोगांमधून. हसू नका. म्हणजे हसा, आजचा विषयच तो आहे.

उंदीर हसतात, खरंच

याक पँक्सेप नावाचे एक शास्त्रज्ञ होते. जन्म एस्टोनियातला, काम अमेरिकेत. ओहायो राज्यातल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात ते उंदरांच्या खेळाचा अभ्यास करायचे. उंदराची पिल्लं एकमेकांशी कुस्ती खेळतात, पळतात, परत येऊन अंगावर उडी मारतात. आपल्याला त्यातलं काहीच ऐकू येत नाही, कारण माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ. पण वटवाघळाचा आवाज पकडायचं यंत्र लावलं तेव्हा कळलं की खेळताना हे उंदीर ५० किलोहर्ट्झच्या आसपास नुसता चिवचिवाट करत असतात.

१९९०च्या दशकाच्या शेवटी पँक्सेप आणि त्यांचे सहकारी जेफ्री बर्गडॉर्फ यांनी उंदरांना हाताने गुदगुल्या करून पाहिल्या. चिवचिवाट आणखी वाढला! इतकंच नाही, ज्या हाताने गुदगुल्या केल्या त्या हाताच्या मागे उंदीर धावायला लागले. आणखी करा म्हणून! पँक्सेप म्हणाले, हे हसण्याचंच जुनं रूप आहे. तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. 'हसणं' हा शब्द काही शास्त्रज्ञांना आजही पटत नाही. पण गुदगुल्यांचा प्रयोग पुढे दुसऱ्या प्रयोगशाळांनीही केला आणि उंदीर तसेच वागले.

२०१९मध्ये तर बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांना चक्क लपाछपी शिकवली. एक खोली, त्यात ठेवलेले खोके, एक माणूस आणि एक उंदीर. बक्षीस म्हणून खाऊ नाही. शोधलं की गुदगुल्या आणि मस्ती, बस्स. आठवड्या-दोन आठवड्यांत उंदीर खेळ शिकले. आपल्यावर राज्य आहे की आपल्याला लपायचंय, हे त्यांना कळायला लागलं. लपायची पाळी असली की गप्प राहायचे आणि आरपार दिसणाऱ्या खोक्यापेक्षा न दिसणारं खोकं निवडायचे.

आता विचार करा. गोडाऊनमध्ये आपण ज्याच्यासाठी सापळा लावतो, तो प्राणी पगार नाही, बोनस नाही, तरी निव्वळ मजेसाठी एका खेळाचे नियम शिकतो.

आणि हे फक्त उंदरांचं नाही. २००९मध्ये मरीना डेव्हिला रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि बोनोबो यांच्या पिल्लांना, तसंच माणसांच्या बाळांना गुदगुल्या केल्यावर येणारे आवाज तपासले. जे प्राणी आपल्याला नात्याने जवळचे, त्यांचं हसणं आपल्या हसण्याच्या जवळचं निघालं. त्यावरून त्यांनी मांडलं की हसणं निदान १ कोटी वर्षं जुनं आहे. म्हणजे माणूस बोलायला लागायच्या कितीतरी आधीपासून हसणं चालू आहे. दुकान, गल्ला, जीएसटी हे सगळं कालपरवाचं.

मांजराचे चार केस

आता ज्या प्रयोगासाठी हा लेख लिहायला घेतला, तो सांगतो.

पँक्सेप यांनी उंदरांच्या रोजच्या खेळायच्या जागेत मांजराचे थोडे केस ठेवले. मांजर नाही हं, फक्त केस. प्रयोगशाळेत जन्मलेल्या या उंदरांनी आयुष्यात कधी मांजर पाहिलेलं नव्हतं. तरीही खेळ बंद पडला. पूर्ण बंद! आणि केस काढून टाकल्यावरही पुढचे काही दिवस खेळ पहिल्यासारखा झाला नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. उंदीर भुकेला असेल किंवा डोक्यावर झगझगीत उजेड असेल, तरी गुदगुल्यांचा चिवचिवाट कमी होतो. बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी २०१६मध्ये हेच वेगळ्या पद्धतीने तपासलं. उंचावरच्या छोट्या फळीवर, प्रखर उजेडात उंदराला ठेवून गुदगुल्या केल्या. एरवी चिवचिवाट करणारा उंदीर तिथे गप्प! जीव घाबरलेला असला की गुदगुली ही गुदगुली राहत नाही.

कळलं ना मी कुठे चाललोय ते? मांजर तिथे नव्हतंच, फक्त वास होता. आपण दुपारी जेवायला घरी जातो, पण आपला वास गल्ल्यावर राहतो. सकाळी काउंटरवर आपटलेली वही, कस्टमरसमोर कोणाला तरी घातलेली शिवी, महिन्याच्या ३० तारखेला पगार मागितल्यावर केलेलं तोंड. हे सगळे मांजराचे केस. एकदा पडले की काही दिवस दुकानात कोणी मोकळं होत नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं असं आहे: दुकानातलं हसणं हा टाइमपास नाही, तो मीटर आहे. इथे भीती किती आहे, हे तो मीटर दाखवतो.

हसायला विनोद लागत नाही

काही जण म्हणतील, "सर, मग काय दुकानात जोक सांगत बसू का?" अजिबात नको. तुमचे जोक कसे असतात हे तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला विचारा!

अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये रॉबर्ट प्रोव्हाईन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मॉलमध्ये, फुटपाथवर, लोक जिथे गप्पा मारतात तिथे जाऊन हसण्याचे १,२०० प्रसंग टिपले. विनोदासारखं काहीतरी ऐकून लोक हसले असे प्रसंग किती? फक्त १० ते २० टक्के. बाकीच्या वेळी आधीचं वाक्य अगदी साधं असायचं, आपल्याकडच्या "बरं, येतो मग" सारखं. दुसरं म्हणजे ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा माणूसच जास्त हसतो, जवळजवळ ४६ टक्के जास्त. आणि एकट्याने असताना माणूस जेवढा हसतो, त्याच्या ३० पट चार माणसांत हसतो.

म्हणजे हसून माणूस समोरच्याला सांगतो की मी तुझ्यासोबत आहे, तुझ्यापासून मला धोका नाही. उंदीरही तेच सांगतो.

हे आपल्याकडेही सिद्ध झालंय. मार्च १९९५मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्य क्लब सुरू केला. सुरुवातीला विनोद सांगून हसायचे. काही दिवसांत विनोद संपले, काही विनोद लोकांना खटकायला लागले. मग त्यांनी विनोदच काढून टाकले आणि नुसतं हसायचं ठरवलं. क्लब चालला! आज तुमच्या गावातल्या बागेत सकाळी हात वर करून हसणारे काका-काकू दिसतात ना, त्यांची सुरुवात तिथली.

शरीराला काय मिळतं

फायद्याचं बोलल्याशिवाय दुकानदाराला पटत नाही, मलाही नाही. म्हणून थोडा हिशोब.

अमेरिकेतले संपादक नॉर्मन कझिन्स यांना १९६४मध्ये सांध्यांचा भयंकर दुखणारा आजार झाला. त्यांनी विनोदी सिनेमे बघायला सुरुवात केली आणि लिहून ठेवलं की १० मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास दुखल्याशिवाय झोप लागते. हा एका माणसाचा अनुभव झाला, त्यावरून औषधं बंद करू नका. पण पुढे ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या टीमने हे मोजून पाहिलं. लोकांना एकत्र बसवून काहींना विनोदी फिल्म दाखवल्या, काहींना माहितीपट. मग हाताला गारठवणारी पट्टी बांधून किंवा बीपीच्या मशीनचा पट्टा आवळून किती सहन होतं ते बघितलं. जे खळखळून हसले होते, त्यांची दुखणं सहन करायची ताकद वाढलेली होती. फिनलंडमधल्या टुर्कू शहरात २०१७मध्ये मेंदूचं स्कॅनिंग करून दिसलं की मित्रांबरोबर हसल्यावर मेंदू स्वतःचं वेदनाशामक रसायन सोडतो.

दिवाळीच्या सीझनला तुमचा सेल्समन सकाळी ९ ते रात्री १० उभा असतो. पाय दुखतात, कंबर धरते. त्याला मध्येच दोन वेळा मनापासून हसायला मिळालं, तर ते फुकटचं मलम आहे. आणि ते कोणत्याही होलसेलरकडे मिळत नाही.

हिशोब न येणारा हुशार घोडा

"ठीक आहे सर, उद्यापासून चेहरा हसरा ठेवतो." थांबा. इथेच सगळे फसतात, आणि हे समजायला एका घोड्याची गोष्ट ऐकावी लागेल.

१९०४च्या सुमाराला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूप गाजला. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन, शाळेत गणित शिकवलेले मास्तर. घोड्याला बेरीज-वजाबाकी विचारली की तो खूर आपटून बरोबर उत्तर द्यायचा. तपासायला समिती बसली, तिलाही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने नीट प्रयोग केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं तर घोडा चुकायचा! घोड्याला विचारणारा माणूस दिसत नसला, तरी चुकायचा!

होत काय होतं? प्रश्न विचारला की माणूस नकळत किंचित पुढे झुकायचा. घोडा खूर आपटायला लागायचा. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं अगदी जरासं वर व्हायचं, ताण सुटायचा. घोडा तिथेच थांबायचा. त्याला गणित येत नव्हतं, माणूस येत होता. सगळ्यात भारी गोष्ट पुढे आहे. हे गुपित कळल्यानंतर फुंग्स्ट यांनी आपल्या हालचाली दाबायचा प्रयत्न केला, तरी त्यांना त्या पूर्ण थांबवता आल्या नाहीत.

तुमच्याकडे पाच वर्षं काम करणारा मुलगा तुम्हाला या घोड्यापेक्षा कमी ओळखतो असं वाटतं का? तुम्ही चावी कशी ठेवता, चष्मा कसा काढता, "अरे" कोणत्या सुरात म्हणता, त्यावरून त्याला आजचं हवामान कळतं. त्याच्यासमोर खोटं हसू चालत नाही. फ्रान्सच्या डॉक्टर द्यूशेन यांनी १८६२मध्येच दाखवलं होतं की खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही हलतो, आणि तो मनाविरुद्ध हलवणं अवघड असतं. तेव्हा चेहऱ्याला रंग देऊन उपयोग नाही, वागणं बदलावं लागेल.

भीतीची किंमत

ही किंमत कशी मोजायची? आमच्या एका बॅचमध्ये तालुक्याच्या गावातल्या एका डेअरीवाल्या मालकांनी सांगितलेला प्रसंग ऐका.

रात्री दुकान बंद करताना डीप फ्रिजचं बटण चुकून बंद राहिलं. सकाळी उघडायला आलेल्या मुलाच्या लक्षात आलं. त्याने गुपचूप बटण चालू केलं. वितळलेलं आईस्क्रीम परत गोठलं आणि दोन दिवस विकलं गेलं. तिसऱ्या दिवशी एक आई आली, तिच्या लहान मुलाचं पोट रात्रभर बिघडलं होतं. पोरगं नंतर बरं झालं, पण त्या गल्लीतली गिऱ्हाईकं तुटली ती तुटलीच. मालकांनी मुलाला विचारलं, "अरे, मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "शेठ, तुम्ही त्या दिवशी आधीच चिडलेले होता."

बघा, फ्रिजमधला माल केवढ्याचा होता? दोन-तीन हजारांचा. सकाळीच सांगितलं असतं तर तेवढ्यावर भागलं असतं. पण त्या मुलाने घोड्यासारखा चेहरा वाचला, उंदरासारखा वास घेतला आणि गप्प बसला. त्याच्या जागी तो हुशारच वागला. नुकसान कोणाचं झालं?

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला होता. औषध देताना कुठल्या टीमकडून जास्त चुका होतात? निकाल उलटा आला. ज्या टीम्स चांगल्या समजल्या जात, त्यांच्या चुकांची नोंद जास्त! कारण तिथे लोक चूक झाली की मोकळेपणाने सांगत होते. बाकीच्या ठिकाणी चुका दडत होत्या. तुमच्या दुकानात महिनाभर कोणी काहीच वाईट बातमी आणली नसेल, तर खूश होऊ नका. जरा काळजी करा.

या सोमवारपासून काय कराल?

१. आवाज टिपा. सात दिवस, दुकानात शिरताना फक्त एक गोष्ट बघा. बडबड चालू राहिली की तुटली? उधारीच्या वहीत मागच्या पानावर टिक करा. सात दिवसांनी टिका मोजा.

२. पहिलं वाक्य पैशाचं नको. आत आल्या आल्या "किती गल्ला झाला?" विचारू नका. "चहा झाला का रे?", "आईची तब्येत कशी आहे?" असं काहीतरी बोला. गल्ला पाच मिनिटांनी विचारला तरी तेवढाच असतो.

३. वाईट बातमीचं उत्तर आधीच पाठ करा. काचेचं सामान फुटलं, बिल चुकलं, एक्सपायरी माल सापडला, काहीही असो, तोंडातून पहिलं वाक्य हेच आलं पाहिजे: "बरं झालं सांगितलंस. आता काय करू या?" चौकशी नंतर करा, आणि एकट्यात करा. गिऱ्हाईकासमोर कधीच नाही.

४. थट्टेत मोठ्याने लोळण घ्यायची. दोन कुत्री खेळताना बघितलीत? खेळायचं असलं की कुत्रं पुढचे पाय पसरून, मागचं अंग वर करून वाकतं. म्हणजे "आता जे करेन ते खेळातलं आहे बरं का." आणि मोठं कुत्रं बऱ्याचदा स्वतःच पाठीवर लोळण घेतं, हळू चावतं, म्हणून छोटं खेळत राहतं. आपण उलटं करतो. मालक नोकराच्या बोलण्यावर, गावावर, जातीवर, अंगकाठीवर टोमणा मारतो, सगळे हसतात, तोही हसतो. ते हसणं भीतीचं असतं, मीटरमध्ये धरू नका. दुकानात थट्टा करायचीच असेल तर स्वतःची करा.

५. भूक आणि उजेड सांभाळा. भुकेला उंदीर खेळत नाही, तसा भुकेला सेल्समनही गोड बोलत नाही. डब्याची वेळ ठरवा आणि पाळा. काउंटरमागे एक स्टूल ठेवा. आणि सीसीटीव्ही चोरीसाठी असू द्या. घरी बसून मोबाईलवर बघून "काय हसताय रे?" असा फोन करणं म्हणजे त्या उंचावरच्या फळीवर उजेड मारणं.

आणि हो, शिस्त सोडा असं मी म्हणत नाही. वेळेवर यायचं, स्टॉक रोज मोजायचा, गल्ल्याला हात लावायचा नाही, हे नियम लिहून भिंतीवर लावा आणि कडक पाळा. नियम स्पष्ट असले की माणसाला मालकाचा मूड वाचत बसावं लागत नाही. भीती तिथे वाढते जिथे नियम मालकाच्या चेहऱ्यावर असतात.

घंटा कोणी बांधायची?

लहानपणी आपण सगळ्यांनी ती गोष्ट ऐकलीय. उंदरांची सभा भरते, ठरतं की मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, म्हणजे ते आलं की कळेल. सगळे टाळ्या वाजवतात. मग एक म्हातारा उंदीर विचारतो, "पण बांधणार कोण?" आणि सभा संपते.

तुमच्या दुकानातही ही सभा रोज भरते, टपरीवर चहा पिताना. "शेठना कोणीतरी सांगायला पाहिजे." सगळ्यांना पटतं, बांधायला कोणी येत नाही. कसं येणार? त्याचं घर त्या पगारावर चालतं.

मित्रांनो, या गोष्टीत घंटा बांधू शकेल असा एकच प्राणी आहे, आणि तो गल्ल्यावर बसतो. आज दुकान बंद करताना तुमच्या सगळ्यात जुन्या माणसाला जवळ बसवा, चहा मागवा आणि विचारा: "मी आलो की काय काय बंद होतं रे दुकानात?" तो लगेच सांगणार नाही. आधी तुमचा चेहरा वाचेल. वाचू द्या. दोन दिवसांनी परत विचारा.

काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये नक्की लिहा. स्टाफला दाखवून लिहिलंत तर आणखी भारी!

भेटू या पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत हसत राहा, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, हसू द्या.